तराजूच्या काट्याचे राजकारण : बेत्तिनो क्राक्सी आणि इटलीच्या समाजवादी पक्षाचा अंत



एखादा समाजवादी पक्ष हुकूमशहाच्या टाचेखाली चिरडला जाणे ही इतिहासात अपूर्व अशी घटना नव्हे. इटलीच्या समाजवादी पक्षाने तो अनुभव घेतलेला होता. १८९२ साली जेनोआ येथे स्थापन झालेल्या या पक्षावर मुसोलिनीच्या राजवटीने बंदी घातली, त्याचे नेते तुरुंगात गेले, कित्येकांना देशत्याग करावा लागला. आणि तरीही १९४३ नंतर हा पक्ष पुन्हा उभा राहिला. पुढे हाच पक्ष १९९४ साली संपला, तो मात्र कोणा हुकूमशहाच्या हातून नव्हे. त्या वेळी संसद चालू होती, वृत्तपत्रे मोकळी होती, निवडणुका होत होत्या आणि पक्ष वर्षानुवर्षे सत्तेत होता. १९९२ च्या एप्रिलमधील निवडणुकीत त्याला १३.६ टक्के मते मिळाली होती. १९९४ च्या मार्चमध्ये ती २.२ टक्क्यांवर आली आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात पक्षाने स्वतःच आपले विसर्जन केले. फॅसिझमला जो पुरून उरला, तो पक्ष सत्तेला पुरून उरला नाही. असे का व्हावे, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे. आणि त्याच्या केंद्रस्थानी बेत्तिनो क्राक्सी हा नेता आहे.

क्राक्सींविषयी इटलीत दोन मते प्रचलित आहेत. एका मतानुसार तो आधुनिक, कणखर आणि दूरदृष्टीचा राजकारणी होता. सर्वच पक्षांच्या पापांचे खापर त्याच्या एकट्याच्या माथी फोडण्यात आले. दुसऱ्या मतानुसार तो एक भ्रष्ट, अहंमन्य पुढारी होता आणि त्याला योग्य तेच फळ मिळाले. ही दोन्ही मते सोयीची आहेत, कारण दोन्हींमध्ये विचार व्यक्तीपाशीच थांबतो. खरा प्रश्न असा की एका व्यक्तीची महत्त्वाकांक्षा संपूर्ण पक्षाची नियती कशी ठरू शकली? त्यासाठी पक्ष कोणत्या पायावर उभा होता हे आधी पाहिले पाहिजे.

१९४६ च्या संविधान सभेच्या निवडणुकीत समाजवाद्यांना २०.७ टक्के आणि कम्युनिस्टांना १८.९ टक्के मते पडली होती. डाव्या चळवळीतील थोरला भाऊ समाजवादी पक्ष होता. परंतु पिएत्रो नेन्नी यांच्या नेतृत्वाखाली कम्युनिस्टांशी केलेली घट्ट युती, त्यावरून झालेली फूट आणि कारखान्यांतील दुर्बळ संघटना यांमुळे हे स्थान लवकरच गेले. १९५६ मधील हंगेरीच्या घटनेनंतर नेन्नींनी वेगळी वाट धरली आणि १९६३ च्या डिसेंबरात पक्ष आल्दो मोरो यांच्या ख्रिस्ती लोकशाहीवादी सरकारात सामील झाला. सुधारणा घडवून आणण्यासाठी सत्तेत जायचे, ही भूमिका प्रामाणिक होती. परंतु सुधारणा थोड्या झाल्या आणि खुर्च्यांची सवय मात्र पुष्कळ जडली. १९७६ च्या निवडणुकीत ख्रिस्ती लोकशाहीवाद्यांना ३८.७, कम्युनिस्टांना ३४.४ आणि समाजवाद्यांना केवळ ९.६ टक्के मते मिळाली. दोन प्रचंड जात्यांमध्ये सापडलेल्या दाण्यासारखी पक्षाची अवस्था झाली होती. त्याच वर्षाच्या जुलै महिन्यात रोममधील मीदास हॉटेलात भरलेल्या मध्यवर्ती समितीच्या बैठकीत बेचाळीस वर्षांच्या क्राक्सींची सरचिटणीसपदी निवड झाली. त्यांचा स्वतःचा गट लहान होता. हा माणूस तात्पुरता आहे, असा जुन्या गटनेत्यांचा समज होता. तो माणूस त्या पदावर साडेसोळा वर्षे राहिला.

क्राक्सींचे प्रारंभीचे राजकारण केवळ सत्तालोभाचे होते असे म्हणणे अन्यायाचे होईल. त्या काळात कम्युनिस्ट नेते एन्रिको बेर्लिंगुएर यांनी ‘ऐतिहासिक तडजोडी’चा मार्ग स्वीकारला होता आणि दोन बलाढ्य पक्ष परस्परांच्या निकट येत होते. त्यांत लहान समाजवादी पक्षाचे अस्तित्वच पुसले जाण्याचा धोका होता. १९७८ साली मोरो यांचे अपहरण झाले, तेव्हा दोन्ही मोठे पक्ष ‘अतिरेक्यांशी बोलणी नाहीत’ यावर ठाम राहिले. मोरो यांचे प्राण वाचविण्यासाठी काही मार्ग शोधावा अशी भूमिका क्राक्सींनी घेतली. पंचावन्न दिवसांनंतर मोरो यांची हत्या झाली. त्याच वर्षाच्या ऑगस्टमध्ये क्राक्सींच्या नावाने एक दीर्घ लेख प्रसिद्ध झाला. त्यात लेनिनवादाच्या विरोधात प्रूधाँच्या परंपरेचा पुरस्कार होता. सोव्हिएट पद्धतीची चिकित्सा करण्यात इटलीतील समाजवादी कम्युनिस्टांच्या पुढे होते, ही गोष्ट मान्य केली पाहिजे. पक्षाच्या चिन्हात तांबडे कार्नेशनचे फूल आले, विळा-हातोडा आधी लहान झाला आणि पुढे नाहीसा झाला. चिन्ह बदलण्यात पाप नाही. विळा-हातोडा गेल्यावर श्रमिकांचीही जागा उरते की नाही, हे महत्त्वाचे.

१९८३ च्या निवडणुकीने क्राक्सींना त्यांची संधी दिली. ख्रिस्ती लोकशाहीवादी ३२.९ टक्क्यांवर घसरले, कम्युनिस्टांना २९.९ टक्के मते होती, समाजवाद्यांना ११.४. कम्युनिस्टांना सत्तेबाहेर ठेवायचे, हे शीतयुद्धाच्या काळातील अलिखित बंधन होते. त्यामुळे समाजवाद्यांवाचून कोणतेही बहुमत होऊ शकत नव्हते. तराजूच्या दोन्ही पारड्यांत वजन इतरांचे, परंतु काटा समाजवाद्यांच्या हाती, अशी ही स्थिती होती. राष्ट्राध्यक्षपदी साँद्रो पेर्तिनी होते. फॅसिस्टांच्या तुरुंगात तारुण्य घालविलेला हा वृद्ध समाजवादी. त्यांनी क्राक्सींना पाचारण केले आणि इटलीला पहिला समाजवादी पंतप्रधान लाभला.

हा विजय मतदारांनी दिलेला नव्हता, गणिताने दिलेला होता. अकरा टक्क्यांच्या पक्षाने पंतप्रधानपद मिळविले ते संघटना वाढवून नव्हे, आपली किंमत वाढवून. आणि हाच व्यवहार खालपर्यंत चालू होता. रोममध्ये ख्रिस्ती लोकशाहीवाद्यांबरोबर, तर कित्येक नगरपालिकांत कम्युनिस्टांबरोबर, अशी समाजवाद्यांची भागीदारी असे. जिथे पाहावे तिथे समाजवादी प्रतिनिधी कारभारात. विरोधी बाकांवर बसण्याची सवयच पक्षाला उरली नाही. जो पक्ष कधीच पराभूत होत नाही, त्याला आत्मपरीक्षणाचा प्रसंगही येत नाही.

पंतप्रधान म्हणून क्राक्सींची कारकीर्द दुबळी नव्हती. १९८४ मध्ये व्हॅटिकनशी नवा करार होऊन कॅथलिक धर्म हा राज्यधर्म असल्याची जुनी तरतूद संपली. १९८५ च्या ऑक्टोबरात ‘आकिले लाउरो’ जहाजाच्या अपहरणानंतर अमेरिकन लढाऊ विमानांनी एक इजिप्शियन विमान सिसिलीतील सिगोनेल्ला तळावर उतरविण्यास भाग पाडले. अमेरिकन कमांडो त्या विमानातील पॅलेस्टिनींना ताब्यात घेऊ पाहत होते. इटलीच्या भूमीवर इटलीचाच कायदा चालेल, असे क्राक्सींनी रेगन यांना ठणकावले. पुढे अबू अब्बासला जाऊ दिले गेले, यावर वाद आहेच. तरीही नाटोच्या सभासद राष्ट्राच्या पंतप्रधानाने दाखविलेला तो ताठपणा पाहून त्या दिवसांत विरोधी कम्युनिस्टांनीही त्यांची पाठराखण केली.

परंतु समाजवादी पंतप्रधानाची पारख अखेर अर्थकारणात होते. इटलीतील कामगारांनी महागाईच्या प्रमाणात आपोआप वाढणारे वेतन मिळविले होते. त्या व्यवस्थेला तेथे ‘सरकता जिना’ असेच नाव होते. १९७५ च्या करारानुसार प्रत्येक गुणामागे सर्वांना सारखीच रक्कम मिळे. त्यामुळे तळाच्या कामगाराला अधिक संरक्षण लाभले. भाव वाढले की वेतन वाढते आणि वेतन वाढले की भाव वाढतात, ही साखळी तोडली पाहिजे, असा मालकवर्गाचा आणि अनेक अर्थतज्ज्ञांचाही आग्रह होता. १९८३ साली महागाई सुमारे पंधरा टक्के होती. १४ फेब्रुवारी १९८४ रोजी क्राक्सींनी वटहुकूम काढून जिन्याच्या काही पायऱ्या कापल्या. दोन कामगार महासंघांनी संमती दिली. सर्वांत मोठ्या महासंघात कम्युनिस्ट बहुमताने विरोध केला, समाजवादी गटाने पाठिंबा दिला आणि कामगारांची एकजूट दुभंगली. कम्युनिस्टांनी सार्वमत मागितले. १९८५ च्या जूनमध्ये ५४.३ टक्के मतदारांनी क्राक्सींच्या बाजूने कौल दिला.

हा निकाल कामगारविरोधी कारस्थान म्हणून झटकून टाकता येत नाही. महागाईची सर्वाधिक झळ गरिबालाच बसते आणि ती आटोक्यात आणणे हे समाजवाद्याचेही काम आहे. १९८७ पर्यंत महागाई पाच टक्क्यांच्या आसपास आली. तिला तेलाच्या घसरलेल्या किमती आणि युरोपीय चलनव्यवस्थेची शिस्त यांचाही हातभार लागला होता, हे जमेस धरूनसुद्धा काही श्रेय वटहुकुमाला द्यावे लागते. आक्षेप आहे तो वेगळाच. श्रमिकाला जो त्याग करायला सांगितला, त्याचा मोबदला त्याला काय मिळाला? करचुकवेगिरी करणाऱ्या वर्गाला त्याच कठोरपणे हात घातला गेला काय? राज्याने आपला खर्च आवरला काय? कारकीर्दीच्या आरंभी राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे सत्तर टक्के असलेले सार्वजनिक कर्ज तिच्या अखेरीस नव्वदीला टेकले आणि १९९२ पर्यंत शंभर टक्क्यांच्या पलीकडे गेले. १९८१ पासून मध्यवर्ती बँकेवर सरकारी रोखे विकत घेण्याचे बंधन उरले नव्हते. सरकारला चढ्या व्याजाने बाजारातून पैसा उचलावा लागे. म्हणजे कामगाराच्या वेतनातून काही गुण वजा झाले आणि रोखे बाळगणाऱ्यांच्या खात्यात व्याज जमा होत राहिले. देश श्रीमंत झाल्याचा भास त्या दशकात झाला. १९८७ मध्ये इटलीने ब्रिटनला मागे टाकले असे अभिमानाने सांगितले गेले. परंतु त्या दिवाळीचे बिल पुढच्या पिढीच्या नावावर फाडले गेले होते. १९९२ च्या जुलैत सरकता जिना संपूर्णपणे मोडीत काढण्यात आला आणि सप्टेंबरात लिरा युरोपीय विनिमय व्यवस्थेतून बाहेर फेकला गेला. पंतप्रधान होते जुलिआनो आमातो, क्राक्सींच्या सरकारातील त्यांचे निकटचे सहकारी.

दुसरा निर्णय त्या काळी किरकोळ वाटला असेल. परिणाम मात्र अधिक खोल झाले. १९८४ च्या ऑक्टोबरात तीन शहरांतील न्यायाधीशांनी सिल्व्हिओ बेर्लुस्कोनी यांच्या दूरचित्रवाहिन्यांचे देशव्यापी प्रक्षेपण कायद्याविरुद्ध ठरवून बंद पाडले. बेर्लुस्कोनी हे मिलानचे बांधकाम व्यावसायिक आणि क्राक्सींचे मित्र. पंतप्रधानांनी अवघ्या काही दिवसांत वटहुकूम काढून त्या वाहिन्या पुन्हा चालू केल्या. संसदेने तो फेटाळला. दुसरा काढला आणि तो मंजूर करवून घेतला. १९९० च्या कायद्याने ही मक्तेदारी पक्की केली, तेव्हा निषेध म्हणून पाच ख्रिस्ती लोकशाहीवादी मंत्र्यांनी राजीनामे दिले. त्यांपैकी एक सेर्जिओ मात्तारेल्ला पुढे राष्ट्राध्यक्ष झाले. समाजवादी मंत्र्यांपैकी कोणीही राजीनामा दिला नाही. खाजगी भांडवलाच्या हाती देशाचे घराघरांतील पडदे देण्याचे काम समाजवादी पंतप्रधानाने केले, ही इतिहासाची क्रूर थट्टा म्हटली पाहिजे.

आता पक्षाच्या आत डोकावू. १९८४ साली व्हेरोना येथील अधिवेशनात क्राक्सींची फेरनिवड मतदानाने नव्हे, टाळ्यांच्या गजरात झाली. नोर्बेर्तो बोब्बिओ या थोर विचारवंताने तेव्हा लिहिले की टाळ्या वाजवून निवडणे म्हणजे निवड नव्हे. ज्याला टाळी वाजवायची नाही, त्याला तेथे गप्प राहण्यापलीकडे मार्ग नसतो. बोब्बिओ स्वतः समाजवादाचे हितचिंतक होते. परंतु हितचिंतकाची टीका शत्रूची ठरविली गेली. मध्यवर्ती समिती रद्द होऊन तिच्या जागी शेकडो सभासदांची राष्ट्रीय सभा आली आणि तीत कलावंत, व्यावसायिक, नामवंत भरले गेले. पुढे रिनो फोर्मिका या समाजवादी मंत्र्यानेच ‘बुटके आणि नर्तकी’ अशा शब्दांत तिची संभावना केली. १९८९ च्या मिलानमधील अधिवेशनात व्यासपीठामागे भव्य पिरॅमिड उभारण्यात आला. पिरॅमिड बांधणाऱ्या राजांना आपण अमर होऊ असे वाटत असे, याची आठवण कोणाला झाली की नाही, ते सांगता येत नाही.

या भव्यतेला पैसा लागत होता. कम्युनिस्टांपाशी वर्गणी देणारे लक्षावधी सभासद होते, शिवाय मॉस्कोचीही मदत दीर्घकाळ येत असे. ख्रिस्ती लोकशाहीवाद्यांपाशी चर्चचे जाळे आणि सरकारी उद्योग होते. समाजवाद्यांपाशी यांपैकी काही नव्हते; होता तो केवळ काटा. १९७४ च्या कायद्याने पक्षांना सरकारी अनुदान मिळू लागले होते, परंतु ते अपुरे पडे. तेव्हा काट्यालाच पैसा मिळवून देण्याचे साधन बनविण्यात आले. भुयारी रेल्वे, रुग्णालये, वीजकेंद्रे, साफसफाईची कंत्राटे, ज्याच्या सहीने काम मिळते त्याला ठरावीक टक्केवारी. आणि ती पक्षापक्षांत वाटली जाई. बेर्लिंगुएर यांनी १९८१ मध्येच इशारा दिला होता की पक्षांनी राज्यसंस्था व्यापली आहे आणि नैतिक प्रश्न हाच देशाचा मुख्य राजकीय प्रश्न आहे. क्राक्सींच्या वर्तुळात तो भाबडा उपदेश मानला गेला. परंतु टक्केवारी गोळा करणारा माणूस पक्षात मोठा होतो आणि सभासद गोळा करणारा मागे पडतो, हा नियम कोणत्याही उपदेशाहून कठोर असतो. काही थैली पक्षाकडे जाते, काही वाटेत राहते. मठ गरीब आहे पण मठातले साधू श्रीमंत आहेत, असे फोर्मिकाच म्हणून गेले.

१९८९ मध्ये बर्लिनची भिंत कोसळली. आता कम्युनिस्ट संपतील आणि सारी डावी मते समाजवादी छत्राखाली येतील, या प्रतीक्षेत क्राक्सी राहिले. परंतु शेजाऱ्याचे घर पडले म्हणून आपले घर वाढत नाही. कम्युनिस्टांचा धाक गेला तशी काट्याची किंमतही गेली. मतदाराला आता जुन्या सरकारांना सहन करण्याचे कारण उरले नाही. १९९१ च्या जूनमध्ये निवडणूक पद्धतीवर सार्वमत झाले, तेव्हा लोकांनी समुद्रकिनारी जावे, असे क्राक्सींनी सुचविले. ६२ टक्क्यांहून अधिक मतदार मतदान केंद्रावर गेले आणि त्यांतील ९५ टक्क्यांहून अधिकांनी बदलाच्या बाजूने मत दिले. ज्याला एके काळी जनतेची नाडी कळत असे, त्याला ती कळेनाशी झाल्याची ही खूण होती.

१७ फेब्रुवारी १९९२ रोजी मिलानमधील एका वृद्धाश्रमाचा प्रमुख मारिओ किएझा सत्तर लाख लिरांची लाच घेताना पकडला गेला. तो समाजवादी होता. वृद्धाश्रमाच्या साफसफाईच्या कंत्राटातली ती टक्केवारी होती; म्हणजे ज्या दुर्बळांसाठी हा पक्ष जन्मला, त्यांच्याच अंथरुणा-पांघरुणातून ती काढलेली होती. क्राक्सींनी त्याला एक भुरटा चोर म्हणून झटकून टाकले. एकाकी पडलेला किएझा बोलू लागला आणि एकामागून एक दारे उघडत गेली. ३ जुलै १९९२ रोजी क्राक्सींनी संसदेत सांगितले की पक्षांचा बराचसा पैसा अनियमित वा बेकायदा मार्गाने येतो, हे सर्वांना ठाऊक आहे. याच्या उलट शपथ घेण्यास कोणी उभा राहावा. कोणीही उभा राहिला नाही. ते विधान खरे होते. परंतु हेच सत्य त्यांनी सत्तेच्या शिखरावर असताना सांगितले असते तर ती सुधारणेची सुरुवात ठरली असती. पकडले गेल्यानंतर सांगितले, तेव्हा ते केवळ बचावाचे भाषण उरले. सर्वांचे हात मळलेले असल्याने कोणाचाही हात स्वच्छ ठरत नाही.

१९९३ च्या फेब्रुवारीत त्यांनी सरचिटणीसपद सोडले. एप्रिलच्या अखेरीस संसदेने त्यांच्यावरील बहुतेक आरोपांबाबत खटल्याची परवानगी नाकारली आणि दुसऱ्या दिवशी रोममधील त्यांच्या हॉटेलबाहेर जमावाने त्यांच्यावर नाणी फेकली. १८९६ पासून चालत आलेले ‘आव्हान्ती’ हे पक्षाचे दैनिक त्याच वर्षी बंद पडले. १९९४ मध्ये क्राक्सी ट्युनिशियातील हम्मामेत येथे निघून गेले. त्यांना दोन खटल्यांत अंतिम शिक्षा झाल्या. स्वतःला ते निर्वासित म्हणवीत, न्यायालय फरारी म्हणे. १९ जानेवारी २००० रोजी तेथेच त्यांचे निधन झाले. मुसोलिनीच्या काळात देशांतर करणाऱ्या समाजवाद्यांना परतीची आशा देणारा पक्ष मागे होता. क्राक्सींच्या मागे पक्षच उरला नव्हता.

आणि मतदार कोठे गेला? १९९४ च्या मार्चमधील निवडणूक बेर्लुस्कोनी यांनी जिंकली. भ्रष्टाचाराच्या विरोधातील संताप, क्राक्सींच्या वटहुकुमांनी वाचविलेल्या वाहिन्या आणि निवारा हरपलेली मते या तिन्हींचा लाभ त्यांना झाला. उत्तरेत काही मते प्रादेशिक अहंकाराचे राजकारण करणाऱ्या लीगकडे गेली. समाजवादी पुढारी दोन्ही छावण्यांत विखुरले; खुद्द क्राक्सींची कन्या बेर्लुस्कोनींच्या पक्षात आणि पुत्र पुढे डाव्या आघाडीच्या सरकारात उपमंत्री, एवढे उदाहरण पुरेसे बोलके आहे. नेत्याने पक्षाला विचारापासून सोडविले की अनुयायांना कोणतेही दार परके वाटत नाही.

क्राक्सी खलपुरुष नव्हते. लहान पक्षाने मोठ्यांपुढे मान तुकवू नये, ही त्यांची जिद्द समाजवाद्यांना आजही आपली वाटेल. सत्तेपासून दूर राहून सोवळेपण मिरविणे हा तिच्यावरील उतारा नव्हे. सत्ता हे समाजपरिवर्तनाचे साधन आहेच. परंतु वाटाघाटीतील वजन आणि जनतेतील बळ या दोन भिन्न वस्तू आहेत. पहिली वस्तू एका निवडणुकीच्या आकड्यांनी मिळते आणि दुसऱ्या निवडणुकीच्या आकड्यांनी जाते. दुसरी मात्र गावोगावच्या शाखेत, कारखान्याच्या दारात, वर्गणीच्या पावतीपुस्तकात हळूहळू साठते. क्राक्सींनी पहिलीच्या जोरावर साडेतीन वर्षे इटलीचा कारभार केला आणि दुसरी वापरात नाही म्हणून मोडीत काढली. किएझाला अटक झाली त्या दिवशी पक्षाच्या बचावासाठी रस्त्यावर उतरेल असा साधा सभासद उरलाच नव्हता.

म्हणून कोणत्याही समाजवादी पक्षाच्या प्रकृतीची परीक्षा त्याला किती मंत्रिपदे मिळाली यावर करू नये. पक्षाचा पैसा कोठून येतो, हे शाखेतील साध्या सभासदाला विचारता येते काय. अधिवेशनात नेत्याविरुद्ध हात वर करता येतो काय. त्याग मागताना आधी कोणाकडे मागितला जातो, हे पाहावे. या प्रश्नांची उत्तरे जेथे टाळ्यांच्या गजरात बुडून जातात, तेथे चिन्हावर फूल असो की विळा, पक्षाचे मरण फार दूर नसते. इटलीत त्याला एक शतक लागले, परंतु शेवटचे काम दोन वर्षांत झाले.